गप्प बसलेलं अस्वल

नाही हो काकू, बसा, बसा, ही पिशवी मी मांडीवर घेते — काका आत डॉक्टरांकडे गेलेत म्हणजे आता वीस मिनिटं तरी लागणार — आणि मलाही कुणाशी तरी बोलायचंच होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. का म्हणजे? ती बघा, माशांच्या काचपेटीला नाक लावून उभी आहे ना, ती माझी मुलगी. पाच वर्षांची. दिवसभर भुणभुण, म्हणून भुंगी. तिला ऐकू येत नाही — म्हणजे येत नसावं — म्हणजे काल दुपारपर्यंत मला तसं वाटत होतं. आता वाटत नाही. तरी आलेच, बघा!

मी वाचनालयात असते, तिथले सहाही कॉम्प्युटर मीच सांभाळते. शनिवारी सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, म्हणून हिला बरोबर नेलं. मुलांच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अस्वलाची गोष्ट लावून दिली, कानाला हेडफोन. एरवी मुलांचं खातं वेगळं असतं, पण त्या दिवशी ते उघडेना, म्हणून माझ्याच नावाने उघडून दिलं. पंधरा मिनिटं पोरगी अशी बसली — हूं नाही की चूं नाही! नंतर विचारलं, "कशी होती गोष्ट?" "छान." "अस्वल काय म्हणालं?" "काहीच नाही." आणि पडद्यावर तर अस्वलाचं तोंड सारखं हलत होतं! काकू, मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पोरीला ऐकू येत नाही. हेडफोन आधी तपासायचे? — आमचे हेसुद्धा अगदी हेच म्हणाले. तपासायचे ना! पण आई झालं की माणूस आधी पोराचे कान तपासतो, वायर नंतर.

मग घरी परीक्षा सुरू. पाठीमागून हाक मारली — ती चित्र काढत होती, ढिम्म. पुन्हा मारली — ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बिस्किटाचा पुडा फोडला तर तिला तिसऱ्या खोलीत कळतं, कान ठणठणीत आहेत तिचे." मी ऐकते थोडीच! उलट मीच त्यांना म्हणाले, "तुमच्या लाडापायीच इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही." — हो ना, म्हणू नये. पण म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलतात — जास्त झालंय, कमी झालंय, बस्स.

आणि काल दुपारी मुलांचा कॉम्प्युटर माझ्या नावाने उघडून हेडफोन स्वतःच्या कानाला लावले — शुकशुकाट! कसा म्हणजे — आमच्याकडे प्रत्येकाचं सामान आतल्या खोलीतल्या एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर असतं. कपाट एक, दारं सहा, असं समजा. कुठल्याही दारातून शिरा, कपाट तुमचंच — तुमच्या फाइली, पडद्यावरचं तुमचं चित्र आणि आवाज किती ठेवायचा तेसुद्धा. आता माझ्या टेबलावरचा आवाज मी कायमचा बंद ठेवलेला, कारण तिथे नुसतं 'टिंग' झालं तरी वर्तमानपत्रवाले आजोबा चष्म्यावरून असे बघतात, जसं काही मी त्यांना चावलेच! तर ती माझी चुप्पी माझ्या मागोमाग मुलांच्या कोपऱ्यात आली. आता नीट केलंय — आवाजाची नोंद प्रत्येक कॉम्प्युटरच्या नावाने वेगळी. टेबलावर गप्प, कोपऱ्यात बोलका. कपाट तेच, फक्त आवाजाला सहा खण. अर्ध्या तासाचं काम हो! आणि त्यापायी पोरगी कानाच्या डॉक्टरकडे.

मग आले कशाला? — जरा इकडे सरका, हळू सांगते. सासूबाईंना काय सांगू? नातीचे कान नाही, सुनेचा कॉम्प्युटर बहिरा होता? इथे डॉक्टर म्हणतील "उत्तम", मी घरी जाऊन म्हणेन "तपासून घेतलेलं बरं", संपलं. झाकली मूठ. — हसताय काय? चूक माझी आहे, कळतंय मला. माफीही मागायचीय. पण एवढंच असतं तर झोप लागली असती हो. काकू, कॉम्प्युटर बहिरा होता हे खरं, पण ज्या पोराला नीट ऐकू येतं ते मुक्या गोष्टीपुढे पंधरा मिनिटं कशाला बसेल? तक्रार नाही करणार? आणि वर "छान" म्हणेल? — हेच, हेच रात्रभर. बघा, आत्तासुद्धा मी एवढं बोलतेय, तिची मान तरी वळली का? — काय गं? काय म्हणालीस? — काकू, अहो, एवढ्या लांबून, आणि मी तर कुजबुजत — बोल, भुंगे, बोल. मोठ्याने बोल.

"तूच सांगतेस ना, वाचनालयात गप्प बसायचं? अस्वल पण शहाण्यासारखं गप्प बसलं होतं. आजीला मी तेव्हाच सांगितलंय."