माय ओव्हरसाइट

सासू: फसवलं मला त्या खुर्चीवाल्यांनी! भरदिवसा, पंख्याखाली बसवून, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून फसवलं. आणि मी मूर्खासारखी माना डोलावत बसले.

सून: आई, आधी चप्पल काढा, बसा. चौकशी संपली का?

सासू: चौकशी कसली, सापळा होता सापळा. माझ्या हाताखालच्या त्या नव्या पोरीची बोटं मशीनमध्ये भाजली त्याला जबाबदार कोण, तर मी. दवाखान्याच्या लाँड्रीची सुपरवायझर. आणि हे मी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणे. निकाल लागेपर्यंत दवाखान्याच्या फाटकातून आत यायचं नाही, असं सांगितलंय.

सून: तुम्ही कबूल केलं? अहो, दूध उतू गेलं तरी तुम्ही गॅसच्या नावानं बोटं मोडता!

सासू: टोमणे नंतर मार. आधी सांग, ओव्हरसाइट म्हणजे काय?

सून: देखरेख.

सासू: नक्की?

सून: नक्की. डब्यांच्या फळीवर चिठ्ठी चिकटवलीय की अजून. तुम्हीच लाँड्रीच्या भिंतीवरच्या पाटीवरून तो शब्द पाठ करून आणला होतात. मशीन फक्त सुपरवायझरच्या ओव्हरसाइटखाली चालवावे. आणि दिवसभर माझं डोकं खाल्लं होतंत, भाजी माय ओव्हरसाइट, कुकर माय ओव्हरसाइट.

सासू: हां. तर साहेबानं विचारलं, "वॉज इट युअर ओव्हरसाइट?" आता मी काय म्हणायला हवं होतं?

सून: अरे देवा. काय म्हणालात?

सासू: ताठ बसले. घसा साफ केला. म्हटलं, "यस सर. माय ओव्हरसाइट. ओन्ली माय ओव्हरसाइट."

सून: बास? एवढंच ना?

सासू: "एव्हरी डे, सर."

सून: आई!

सासू: काय आई? तूच ना सांगितलंस, नुसतं यस म्हणून गप्प बसायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं? नवा शब्द दिवसातून तीनदा वापरला की तो आपला होतो? वापरला तीनदा! झाला आपला! आता घे उरावर!

सून: थांबा. मोबाइल द्या तो. मला बघू दे... ओ, व्ही, ई... हं. एक, देखरेख. आणि दोन...

सासू: वाच.

सून: आई, पाणी घ्या आधी.

सासू: पाणी तिथंही दिलं होतं. वाच म्हणते ना.

सून: दोन. नजरचूक. दुर्लक्ष झाल्यामुळे घडलेली चूक.

सासू: एकाच शब्दाला?

सून: एकाच शब्दाला.

सासू: म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघणं, तेही ओव्हरसाइट. आणि बघितलंच नाही, तेही ओव्हरसाइट? ही भाषा कोणी केली गं? दारू पिऊन केली का?

सून: मला काय विचारता, मी थोडीच केली!

सासू: तू चिठ्ठी केलीस! एकच अर्थ लिहिलास! दुसरा कुठं ठेवलास, तुझ्या माहेरी?

सून: माहेर मध्ये आणू नका हं. मी दोन दोन अर्थ लिहायला लागले तेव्हा ओरडलं कोण? "माझं डोकं काय गोदाम आहे का? एक शब्द, एक अर्थ, उद्याचं उद्या." हेच तुमचे शब्द. दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन यायचं, मग तुमच्यासाठी चिठ्ठ्या कापायच्या, भांडी घासताना तुमचे मागचे शब्द विचारायचे. आणि आज सगळं खापर माझ्यावर?

सासू: मग कोणावर फोडू? त्याच्यावर? तो हसला, माहितीय? लिहायच्या आधी हसला. मला वाटलं, माझं इंग्रजी आवडलं. मी पण हसले गं त्याच्याकडे बघून! समोर भाजलेल्या पोरीची आई बसली होती, आणि मी दात काढले!

सून: तिची आईपण होती तिथं?

सासू: होती ना. तिला इंग्रजी येत नाही. साहेबानं तिला समजावून सांगितलं, "ह्यांनी चूक मान्य केलीय." ती माझ्याकडे बघत राहिली. तीच बाई, जिनं पोरीला पहिल्या दिवशी माझ्या हवाली केलं होतं. "मावशी, हिला नीट शिकवा." येताना तिच्या घरी गेले. म्हटलं, काहीतरी उलटंसुलटं झालंय, ऐकून तरी घे. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं.

सून: कळेल तिला नंतर.

सासू: कशानं कळेल? माझी सही घेतलेला कागद त्यांच्याकडे, हसणं त्यांच्याकडे. नोकरी गेली तर गेली, मी चार घरचे कपडे धुवीन. पण ती पोर उजव्या हाताला पट्टी बांधून बसलीय, आणि तिला वाटतंय मावशीचं लक्ष नव्हतं म्हणून हात गेला आत. माझं लक्ष नव्हतं? अभ्र्यांच्या इस्त्रीच्या मशीनची जाळी कोणी काढली? मी?

सून: ती रोलरच्या पुढची? हात आत जाऊ नये म्हणून असते ती?

सासू: तीच. वरून हुकूम आला, अभ्रे जाळीत अडकतात, काम धीमं होतं, काढा. इंजिनिअर आला, काढून भिंतीला टेकवून गेला. मी भांडले. एकदा नाही, येता-जाता भांडले. "नंतर बसवू मावशी, नंतर बसवू." ते नंतर काही आलंच नाही. पोरीचा हात आला मध्ये.

सून: हे तिथं सांगितलंत?

सासू: सांगणारच होते! पण ओव्हरसाइट म्हटल्यावर त्यानं वही मिटली ना. म्हणाला, "थँक यू फॉर युअर ऑनेस्टी." मी काय म्हणाले विचार.

सून: नको, नाही विचारत.

सासू: "वेलकम."

सून: आई... मी हसत नाहीये हं.

सासू: हस. सगळ्या गावानं हसून झालंय, घरातल्यांनी कशाला बाकी राहायचं!

सून: ऐका. आत्ताच ह्या मोबाइलवर युनियनच्या भाऊंचा मेसेज आलाय. त्यांना सगळं कळलंय. ते म्हणतात, वाट सोपी आहे. उद्या जाऊन सांगायचं, मला इंग्रजी येत नाही. प्रश्न कळलाच नाही, भीतीपोटी यस म्हटलं. न येणाऱ्या भाषेत चौकशी केली म्हणजे ती टिकत नाही. कबुली रद्द.

सासू: काय सांगायचं?

सून: येत नाही म्हणून.

सासू: परत बोल.

सून: आई, फक्त कागदावर...

सासू: मला येतं! घरभर फिरून बघ, येतं की नाही! तुझ्या नवऱ्याच्या पलंगावर कोणाच्या अक्षरात रिलक्टंट लिहिलंय? सकाळी चहाबरोबर एक शब्द, डबा खाताना तू मेसेज करतेस तो परत एकदा, चादरी मोजताना तोंडात घोळवायचा. साबणाच्या खोक्यांवरचं वाचलं मी, औषधांच्या बाटल्यांवरचं वाचलं. शेजारणीला अनबेअरेबल म्हटलं, तर तिला वाटलं कौतुक केलं, वाटीभर साखर देऊन गेली. एवढं सगळं केलं, ते "येत नाही" म्हणायला?

सून: नोकरी वाचेल.

सासू: कुठली वाचेल? सुपरवायझर मी इंग्रजीवर झाले. पाट्या वाचते, मशीनची पुस्तकं वाचते म्हणून. येत नाही म्हटलं की परत मळक्या चादरींच्या ढिगावर. येतं म्हटलं की पोरीचा हात माझ्या माथ्यावर. बघ, कशी नीट घडी घातलीय माझी. चारी कोपरे जुळवून.

सून: मग करायचं काय? मला ओरडून काही होणार आहे का? मला नाही का राग येत? माझ्याही हातची चिठ्ठी आहे ती. आल्यापासून ऐकतेय, तू केलंस, तू केलंस. हो, केलं! घाईत केलं, दुसरा अर्थ सोडला. काढून टाका सगळ्या चिठ्ठ्या, लावा चुलीला!

सासू: ए. ए, रडू नको. तुझ्यावर नाही गं राग.

सून: मग कोणावर आहे ते त्यांना जाऊन सांगा की! घरात काय वाघीण होताय!

सासू: हं.

सून: हं काय?

सासू: घे पेन. प्रश्न लिहू. त्यानं मला विचारला, आता मी त्याला विचारते. इंग्रजीतच. जाळी कोणी काढली. साधं वाक्य. जाळीला काय म्हणतात?

सून: गार्ड.

सासू: हू रिमूव्ह्ड द गार्ड.

सून: थांबा, दुसरा अर्थ बघते. गार्ड म्हणजे वॉचमनसुद्धा.

सासू: झालं! म्हणजे तो म्हणेल, कुठला वॉचमन? आमचे सगळे वॉचमन जागेवर आहेत.

सून: आणि रिमूव्ह म्हणजे नोकरीवरून काढणंही होतं.

सासू: मग तर म्हणेल, तुमच्याशिवाय आम्ही कोणालाच काढलं नाही! दुसरा शब्द दे.

सून: कव्हर म्हणा. नाही, कव्हर म्हणजे अभ्राही होतो. झाकणं, लपवणंही होतं.

सासू: लपवणं चालेल. ठेव तो. नाही, नको. अगं, एक तरी शब्द असा आहे का ह्या भाषेत, जो घेऊन माणूस सरळ दारातून आत जाऊ शकेल?

सून: आपल्या भाषेतही नाही, आई. सोडलं म्हणजे काय काय होतं बघा. पाणी सोडलं, नोकरी सोडली, नवऱ्याला सोडलं.

सासू: तुझ्या बडबडीत एखाद वेळी अक्कल असते. फोन लाव.

सून: भाऊंना?

सासू: भाऊंना कशाला? लाँड्रीत लाव. घडी घालणाऱ्या बायकांना. मला फाटकाच्या आत जायला बंदी आहे. चादरींच्या पिशव्यांना बाहेर यायला नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्याच्या फाटकाबाहेर, भिंतीला लागून असलेल्या चौकशीच्या खोलीत.)

साहेब: तुमचं काम कालच झालंय, बाई. तुम्ही परत यायची गरज नव्हती.

सासू: माझं झालं असेल. तुमचं राहिलंय.

साहेब: आणि ह्या कोण?

सून: मी सून. ह्यांची शिक्षिका.

साहेब: अच्छा. म्हणजे इंग्रजीचा मुद्दा आहे. युनियनकडून कळलं मला. हे बघा, तुम्हाला भाषा कळली नाही, असं लिहून द्या. मी सहानुभूतीनं विचार करीन. सुपरवायझरचं पद अर्थातच...

सासू: मला कळली. यस सर म्हणाले ते कळूनच म्हणाले. तुमच्या लाँड्रीत भिंतीवर पाटी आहे, मशीन सुपरवायझरच्या ओव्हरसाइटखाली चालवा. खाली सही कोणाची?

साहेब: माझीच असणार. प्रशासनाच्या सगळ्या सूचनांवर माझीच असते.

सासू: त्या पाटीवरून शिकले मी तो शब्द. तिथं त्याचा अर्थ देखरेख. त्या अर्थानं बोलले. तुम्ही कुठल्या अर्थानं विचारलंत?

साहेब: चौकशीत संदर्भ स्पष्ट असतो. अपघाताविषयी प्रश्न होता, त्यामुळे साहजिकच...

सून: पाटीवर तुमच्या सहीनं एक अर्थ, वहीत तुमच्याच पेनानं दुसरा. मग साहजिक कोणाचं, सर?

साहेब: आवाज खाली ठेवा. तुम्हाला इथं बोलायचा अधिकार नाही.

सासू: तिला नाही, मला आहे. माझा आवाज बॉयलरशेजारी उभं राहून एवढा झालाय, आता तो कमी होत नाही. आणि दार उघडंच राहू द्या. बाहेर त्या पोरीची आई उभी आहे.

साहेब: तिला कोणी बोलावलं?

सून: मी. कालपासून तीनदा गेले. तिसऱ्यांदा दार उघडलं त्यांनी.

सासू: ते तुमचं ओव्हरसाइट आपण बाजूला ठेवू. शब्दात शब्द गुंतवायला तुम्ही हुशार, मी अजून शिकतेय. म्हणून मी शब्द आणलाच नाही. ती पिशवी दे गं इकडे.

साहेब: हे... हे काय ठेवताय टेबलावर? कागद आहेत ते! मळक्या चादरी आहेत ह्या!

सासू: चादर बाजूला करा. आत काय आहे बघा.

साहेब: ही... ही दवाखान्याची मालमत्ता आहे. बाहेर कशी आली?

सासू: म्हणजे ओळखलंत. बरं झालं, आम्ही दोघी काल संध्याकाळभर हिचं इंग्रजी नाव शोधत बसलो होतो. कुठल्याही नावानं पळवाट निघत होती. तेव्हा नाव तुम्ही द्या. गार्ड लिहा, कव्हर लिहा, वाटेल ते लिहा. बाहेर उभी आहे तिला ऐकू जाईल आणि समजेल, अशा भाषेत एवढंच सांगा.

साहेब: काय सांगायचं?

सासू: ही मशीनवरून कोणी काढायला लावली?