आमची मनोरमा मॉरिशसला पळाली

...नाही हो, तशी नाही पळाली! हेच, हेच मला नको होतं! आमच्या वसईत माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर काल एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "विलासराव, ऐकलं ते खरं का? वहिनी पळाल्या म्हणे?" आणि चेहरा असा, की जणू आता मला धरून घरी पोचवणार! अहो, मॉरिशसला पळाली म्हणजे मॉरिशसला जाऊन पळाली. धावली! एकवीस किलोमीटर! शर्यत होती, छातीला नंबर लावला होता, आणि मी, तिचा लग्नाचा नवरा, तिथेच हजर होतो. मी का हजर होतो विचाराल, तर मला तरी कुठे माहीत होतं? मी फिरायला गेलो होतो हो, पळायला नाही!

आता तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू कुणी केलं? हिल्डा टीचरने. सांडोरच्या हिल्डा तुस्कानो. आयुष्यभर शाळेत पी. टी. शिकवली, रिटायर झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या मनोरमेचं मोठं ऑपरेशन झालं. घरी आणली तर तिसरा मजला चढता चढता प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायची आणि म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." पुढे तर भाजी आणायला खाली उतरणंच बंद झालं. तेव्हा ह्या हिल्डा टीचर स्वतःच्या वाडीतली केळी घेऊन बघायला आल्या, खुर्चीत बसल्यासुद्धा नाहीत, उभ्या उभ्या म्हणाल्या, "मनोरमा, उद्या सकाळी खाली ये. चर्चपर्यंत चालायचं." ही म्हणाली, "टीचर, मला नाही जमणार." तर म्हणाल्या, "मी विचारलं नाही. सांगितलं."

झालं! चर्चपर्यंतचं चालणं पुढे सांडोरपर्यंत गेलं, चालण्याचं पळणं झालं, आणि बघता बघता त्यांचा क्लब झाला, 'पहाट रनर्स'! रोज पहाटे आमच्या खिडकीखाली शिट्टी. कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहायला लागली हो!

तर ह्या क्लबात आमच्याच बिल्डिंगीतला परेश. कंप्युटरवाला. हातात घड्याळ असं, की त्याच्यावर छातीचे ठोके दिसतात. तो एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "काका, क्लबची फॉरेन टूर! मॉरिशस! आठ दिवस! तीन रेस आणि बाकी आराम!" आता माणूस कसा असतो बघा. ह्या वाक्यातलं 'तीन रेस' मनोरमेने ऐकलं, आणि 'बाकी आराम' मी ऐकलं. मी म्हटलं, मी पण येतो. पळणाऱ्यांना पळू दे, आपण खुर्ची टाकून शहाळं पिऊ. मी फिरायला जाणार होतो हो, पळायला नाही!

आणि काय सांगू तुम्हाला, तिथला समुद्र! म्हणजे मी अर्नाळ्याला शंभरदा गेलेला माणूस. आपला समुद्र कसा, घरचा, दुधाचा चहा करावा तसा. आणि हा? पहिल्या दिवशी मी किनाऱ्यावर उभा राहिलो आणि डोळे चोळून परत बघितलं. इथे पोपटी, मग हिरवा, मग निळा, आणि पार तिकडे लांबवर एक पांढरी रेघ. तिथेच सगळ्या लाटा फुटतात, आत यायचं नावच नाही. पाण्यात उभं राहिलं तर स्वतःच्या पायाची नखं दिसतात, आणि नखांपाशी मासे! पट्ट्यापट्ट्यांचे! मला वाटलं कोणीतरी आत्ताच सोडलेत. मनोरमा माझ्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभी, आणि हळूच म्हणते, "अहो, हे पाणी आपल्या अर्नाळ्याचंच ना? समुद्र तर एकच." मी म्हटलं, "हो, पण इकडे धुऊन ठेवलंय."

बरं, हा झाला आराम. दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी! हॉटेलात! मी गॅलरीत येऊन बघतो तर हिल्डा टीचर वाळूत उभ्या, क्लब रांगेत, आणि रांगेच्या शेवटी हॉटेलातलं एक जर्मन जोडपं पण उभं, हात वर करून! त्यांना वाटलं नाश्त्याच्या आधी सगळ्यांनाच करावं लागतं! पहिली शर्यत वाळूतली, छोटी. दुसरी उसातून. हो, ऊस! जिकडे बघाल तिकडे ऊस, मला तर वाटायचं कोल्हापूरच्या पुढे कुठेतरी समुद्र लागलाय. दोन्ही शर्यती मनोरमेने पुऱ्या केल्या. मी सावलीत होतो. टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मग आला तिसरा दिवस... म्हणजे तिसरी शर्यत. मोठी. एकवीस किलोमीटर, गावागावांतून, शेवटी एक चढ आणि मग समुद्राकाठी कमान. हिल्डा टीचर मला म्हणाल्या, "मिस्टर विलास, शर्यतीच्या मागून एक गाडी जाते. ज्याला पळवत नाही त्याला उचलते. तिच्यात एक जागा आहे. आपल्या क्लबचं पाणी आणि बर्फ घेऊन बसा." मी विचारलं, "एसी आहे?" म्हणाल्या, "आहे." मी बसलो! का नाही बसणार? गार वाऱ्यात बसून सगळं बेट बघायला मिळतंय! मी फिरायला गेलो होतो हो, पळायला नाही!

गाडीचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा, सावळा, जाड मिशीचा. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पाण्याच्या खोक्यावर परेशने मार्करने लिहिलेलं 'वसई' वाचलं. हो, वाचलं! आणि म्हणतो, "तुम्ही मराठी?" तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! हा बघा, आत्ता सांगतानाही येतोय! म्हणे, "आमचे पणजोबा रत्नागिरी. बोटीने आले. ऊस कापायला. मी मराठी थोडी थोडी. घरी गणपती असतो." मी म्हटलं, "अहो, माझं गाव संगमेश्वर!" तर त्याने गाडी चालवता चालवता माझा हात धरला आणि सोडेचना. कोण कुठला माणूस, समुद्रापलीकडचा, आणि त्याच्या तोंडात आपली भाषा कशी, तर आजीच्या डब्यात जपून ठेवलेल्या नाण्यासारखी. थोडीच, पण खणखणीत!

बरं, गाडी निघाली. सर्वांत शेवटी जो पळत असेल त्याच्या मागे मागे, बैलगाडीच्या वेगाने. थोड्या वेळाने एक लठ्ठ फ्रेंच गृहस्थ चढले. मग दोन कॉलेजच्या मुली. मग एक जण लंगडत आला, शर्ट ओला, तोंड लाल, घड्याळ टीं टीं वाजतंय. बघतो तर परेश! "काका, क्रॅम्प!" मी म्हटलं, "बस, बर्फ घे." गाडी भरत चालली, पुढचे पळणारे कमी कमी होत गेले, आणि एका वळणावर उसाची भिंत संपली आणि समोर रस्त्यावर एकच माणूस उरलं. बाईमाणूस. बुटकी. काळी ट्रॅकपँट, वर क्लबचा टी-शर्ट, कपाळाला रुमाल, आणि मंगळसूत्र हिंदकळू नये म्हणून टी-शर्टला सेफ्टी पिनने टाचलेलं...

आमची मनोरमा!

अहो, सगळ्यांत शेवटची! आणि तिच्या मागे मी! थंड गाडीत! मांडीवर बर्फ घेऊन!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय. पण तुम्ही कधी आपल्या बायकोची पाठ बघितलीय? तासभर? सलग? मी नव्हती बघितली. पंचवीस वर्षं ती माझ्या मागून चालत आली, देवळात, लग्नांत, बाजारात. आणि आता ती पुढे आणि मी मागे. डावा पाय जरा ओढतेय, पण थांबत नाहीये. उजवा हात पोटाशी, ऑपरेशनच्या जागी, पण थांबत नाहीये. वाटेतल्या गावातल्या बायका दारात उभ्या राहून टाळ्या वाजवतायत, ही त्यांना मान हलवून नमस्कार करतेय, पण थांबत नाहीये हो! मला वाटायला लागलं, ही कोण आहे? हिला मी ओळखतो का?

एवढ्यात मोटरसायकलवरून एक शर्यतवाला आला. घड्याळावर बोट आपटून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "दादा, वेळ संपत आला. रस्ता खुला करायचा. गाडी पुढे गेली की ती बाई बाद. तिला बसायला सांगायला पाहिजे." मग म्हणतो, "तुमची बाई?"

म्हटलं, "हो. माझी."

"मग तुम्ही सांगा."

मी! मी काच खाली केली, मुंडी बाहेर काढली. बाहेर नुसती भट्टी! गाडी तिच्या बरोबरीला आली. मी म्हटलं, "अगं मनोरमा, पुरे आता, बस गाडीत."

तिने बघितलंसुद्धा नाही. "मला बोलायला लावू नका. श्वास जातो."

"अगं पण वेळ संपतोय म्हणतायत! परेशसुद्धा बसलाय बघ! ह्यात कमीपणा काही नाही!"

चार पावलं पुढे जाऊन म्हणाली, "ऑपरेशननंतर जिन्यात बसले ना मी? पुष्कळ झालं बसणं." आणखी दोन पावलं. "तुम्ही फिरायला आलायत ना? मग फिरा!"

आणि पुढे गेली. समोर तो चढ.

मी मुंडी आत घेतली. परेश घड्याळ बघेना. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, तुमची गाडी कधी बंद पडते का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. चढाकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला. आणि गाडी बाजूला घेऊन चावी फिरवली. बंद! खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि मोटरसायकलवाल्याला ओरडून सांगितलं, इंजिन तापलंय! एसीवाली गाडी, बैलाच्या चालीची, ती तापली! फ्रेंच गृहस्थांना सगळं समजलं, त्यांनी उतरून बॉनेटमध्ये माझी पाण्याची बाटली ओतायला सुरुवात केली! मोटरसायकलवाला चिडला, पुढे निघाला, तिला स्वतःच थांबवायला. तर चढाच्या मध्यावर हिल्डा टीचर! त्यांची शर्यत केव्हाच झाली होती, मेडल गळ्यात, परत खाली आलेल्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि अशी शिट्टी फुंकली की त्याने ब्रेकच मारला. तो फ्रेंचमध्ये बोलतोय, ह्या शुद्ध मराठीत, "गाडी मागे आहे ना? गाडीने ओलांडलं का तिला? नाही ना? मग रूल म्हणजे रूल! हेल्मेट काढ आणि बाजूला उभा राहा!" आणि देवाशप्पथ, त्याने हेल्मेट काढलं आणि बाजूला उभा राहिला! शाळेतली शिट्टी सगळ्या देशांत एकच असावी.

आणि मी? मी गाडीतून उतरलो होतो. म्हटलं, चढापर्यंत जाऊन बघू. चालायला लागलो, ती लांब चालली. मी भरभर चाललो, ती आणखी लांब. म्हणून मग मी... पळालो! अहो, मी फिरायला गेलो होतो हो, पळायला नाही! छाती भात्यासारखी, कुशीत कळ, डोळ्यांत घाम. आणि ती, जिला सगळ्यांत हळू म्हणून गाडी उचलणार होती, ती मला गाठता येईना! वीस किलोमीटर पळून आलेली बाई, आणि एसीतून ताजा उतरलेला मी, आणि आमच्यातलं अंतर वाढतंय! चढाच्या माथ्यावर ती एक क्षण दिसली. पुढे सगळा निळा समुद्र, ती पांढरी रेघ, आणि त्याच्यासमोर ही एवढीशी, बुटकी, डाव्या पायाने ओढत. मग पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. मी तिथेच थांबलो आणि हात जोडले. कुणाला ते विचारू नका.

मी खाली पोचेपर्यंत सगळं झालं होतं. कमान सोडवायला शिडी लावली होती, ती तशीच ठेवून माणसं टाळ्या वाजवत होती, ढोलवाले परत वाजवायला लागले होते, आणि मनोरमा मेडल घालून वाळूत पाय पसरून बसलेली, रडत होती की हसत होती, दोन्ही होतं. तेवढ्यात एका मुलीने मला बघितलं. घामाघूम, धापा टाकणारा, कमानीखालून येणारा... तिला वाटलं हाच शेवटचा! माझ्यापण गळ्यात मेडल! मी ओरडतोय, "अहो, नो, नो! मी फिरायला आलोय!" ढोलवाले आणखी जोरात! मागून ती बंद पडलेली गाडी आली, झकास चालत. मी मेडल काढलं आणि ड्रायव्हरच्या आरशाला बांधून टाकलं. तो म्हणाला, "दादा, रत्नागिरी गेलात तर सांगा, आम्ही बरे आहोत." आता मी कुणाला सांगू? पण सांगणार आहे. जाऊन मोठ्याने सांगणार आहे.

मनोरमेच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "कसं वाटतंय?" ती समुद्राकडे बघत म्हणाली, "भूक लागलीय."

आणि परत येताना विमानात तिचे पाय असे सुजले, असे सुजले, की तिचे बूट काही केल्या पायात जाईनात. म्हणून बाईसाहेब माझ्या चपला घालून सहार विमानतळावर पुढे, ताठ, मेडल गळ्यात. आणि मी मागे, दोन्ही हातांत बॅगा, अनवाणी. कस्टमवाल्याने माझ्या पायांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काय काका, नवस होता का?"

म्हटलं, "नव्हता हो. पण फेडायला सुरुवात केलीय."