एक रेघ आणि शेजारी सही

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे अधीक्षक अभियंता महोदय; व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर पाहुणे; आजचे सत्कारमूर्ती, नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत असलेले आमचे कार्यकारी अभियंता माननीय अमरसिंह रंगराव इंगवले साहेब; त्यांच्या शेजारी बसलेल्या आदरणीय वहिनी; आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून साडेतीनलाच येऊन बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी सोनम कुरणे, उपअभियंता. राहणार कसबा बावडा. आज एकतीस मे. आपल्या खात्यातले निम्मे लोक शाळेच्या मास्तरांच्या कृपेनं एक जूनला जन्मलेले असल्यामुळे आज कोल्हापुरात एकही सभागृह मोकळं नाही आणि एकही हार शिल्लक नाही. तरीही आपण साहेबांसाठी एवढा मोठा हार मिळवलात, त्याबद्दल सूत्रसंचालक आदर्श यांचं कौतुक केलं पाहिजे. आदर्शनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ते म्हणाले, "मॅडम, साहेबांनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, सोनमला बोलू दे, तिनं मनात काही ठेवलेलं नाही."

साहेब, तुम्ही माणसं ओळखता असं मी तेरा वर्षं ऐकत आले आहे. पुलाच्या माणसावर बोलायचं तर आधी पुलावर बोललं पाहिजे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या गावाला पुलांची काय कमतरता? पंचगंगेवरचा तो जुना दगडी पूल बघा. दीडशे वर्षं होत आली, कमानी अजून तशाच. कॉलेजात असताना मी त्याच्याखाली जाऊन खांब बघायची. प्रवाहाच्या अंगाला खांबाला टोकदार नाक काढलेलं असतं, पाणी अंगावर न येता दोन बाजूंनी वाटून जावं म्हणून. बांधणाऱ्यांकडे संगणक नव्हता. पण त्यांनी नदीकाठच्या माणसांना विचारलं असणार, की पाणी कुठवर येतं? मग आपले बंधारे आले, फळ्या घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याच्या आधी त्या काढून नदीला वाट द्यायची. आणि पूल नव्हता तिथे गुऱ्हाळाची काहील होती. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, ज्यात उसाचा रस उकळतात त्या परातीसारख्या पसरट, भल्या मोठ्या कढईत बसून आपली माणसं नदी ओलांडत. पुरात अजूनही ओलांडतात. काहिलीचा विषय पुन्हा येईल, लक्षात ठेवा.

या सगळ्यातून एक गोष्ट शिकायची. पूल म्हणजे वरचा रस्ता नव्हे, खालची मोकळी जागा. खांबांमध्ये किती गाळे, किती उंची, दोन्ही बाजूंच्या भरावात पाण्याला जायला किती मोऱ्या, हे सगळं एकाच आकड्यावर ठरतं. त्या नदीला आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता? तो आकडा चुकला की पूल पूल राहत नाही, धरण होतो.

हे वाक्य माझं नाही. साहेबांचं आहे. मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ते ऐकवलं होतं. आणि दुसरा धडा दिला लेव्हल बुकाचा. नवीन मुलांसाठी सांगते, मोजणीचे सगळे आकडे जागेवर ज्या वहीत लिहितात ती लेव्हल बुक. साहेब म्हणाले, "कुरणे, या वहीत खोडरबर चालणार नाही. पान फाडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि शेजारी सही. ज्यानं खोडलं त्याची सही."

काय शिस्त! टाळ्या वाजवा की. मी मनापासून सांगते आहे. या शिस्तीमुळेच मी आज इथे उभी आहे.

तर कासारी नदीवर नांदरवाडीचा पूल. साहेबांच्या कारकिर्दीतला मानाचा तुरा, असं पत्रिकेत छापलंय. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात आम्ही मोजणीला गेलो. साहेब, मी आणि उंची मोजायचा लेव्हलचा दांडा धरायला आमचे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस, आकाराम. आकाराम मामा चौथ्या रांगेत बसलेत, पेठ वडगावाहून एस. टी. नं आलेत. मामा, हात वर करू नका, बसा निवांत.

गावभागात मारुतीच्या देवळाला सात पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीशी एक कुंकू लावलेला दगड. गावकरी म्हणाले, दोन हजार पाचच्या महापुरात पाणी इथवर आलं होतं, बायकांनी इथंच नदीची ओटी भरली. साहेबांनी दांडा पायरीवर ठेवायला सांगितला. आकडा मिळाला, समुद्रसपाटीपासून पाचशे त्रेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर. "झालं काम," साहेब म्हणाले. देवळासमोर खुर्च्या मांडल्या होत्या, ताक आलं होतं.

आता इथे बसलेल्या प्रत्येक बाईला मी विचारते. वहिनी, तुम्हालाही विचारते. नदीची ओटी आपण कधी भरतो? पाणी उतरल्यावर? नाही. पाणी चढत असताना भरतो. बाई गं, आता थांब, माघारी जा, म्हणून भरतो. ओटी भरून बायका गुरं सोडतात, पोरं घेतात आणि गाव सोडतात. नदीनं त्यांचं ऐकलं की नाही, हे बघायला तिथे कोणी नसतं. म्हणजे तो दगड पूर कुठे थांबला हे सांगत नाही, बायका कुठे घाबरल्या ते सांगतो. एवढी साधी गोष्ट माझ्या साहेबांना कळली नाही, कारण त्यांनी गावातल्या पुरुषांना विचारलं आणि बायका ताक घुसळत होत्या.

मी मात्र दांडा आणि आकाराम मामांना घेऊन वस्तीत गेले. आमच्या बौद्ध समाजाची वस्ती, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे विहाराच्या भिंतीवर एक निळी रेघ होती आणि शेजारी कुणा पोरानं लिहिलेली तारीख. रेघ मारणारी बाई यल्लव्वा, सत्तरीची, उंचीनं एवढीशी. मला म्हणाली, "पावणं, ही रेघ मी मारल्याली हाय. पाणी उतरल्यावर पयलं आम्ही आलतो चिखल काढाय. भिंतीवर गाळाचा डाग जितवर व्हता, तितवर नीळ लावली. तिथनं वर एक बोट न्हाई आन् खाली न्हाई."

विचार करा, महापुराची खरी नोंद घेण्याची अक्कल अख्ख्या तालुक्यात एका अंगठेबहाद्दर बाईला होती. आम्ही लेव्हल घेतली. पाचशे चव्वेचाळीस मीटर साठ सेंटिमीटर. ओटीच्या पायरीपेक्षा एक मीटर चाळीस सेंटिमीटर वर. आकाराम मामांनी तेव्हा यल्लव्वाला चेष्टेनं दांड्याला टेकून उभं केलं आणि म्हणाले, "म्हातारे, तू बी बरोबर एक मीटर चाळीसच हाईस की!" ती पदर तोंडाला लावून हसली. मग चहा झाला. मी तिच्यासमोर आकडा वहीत लिहिला.

साहेबांना वही दाखवली. त्यांनी वस्तीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "त्या लोकांच्या रेघेवर मी पूल उचलू? भूमिपूजनाची तारीख छापून झाली आहे." उंची वाढली असती तर गाळे वाढले असते, आराखडा पुन्हा करावा लागला असता. ताकाचा पेला खाली ठेवून त्यांनी लाल पेन काढलं.

आदर्श, घड्याळाकडे बघू नका, आणि माईकवाल्या दादांना खुणाही करू नका. मी साइटवर वाढलेली बाई आहे, माझा आवाज विनामाईकही शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

पूल झाला. फित कापली. दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट आला. पुढचं तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. नांदरवाडीत पुलाच्या भरावानं पाणी अडलं. मोऱ्या होत्या तीन, हव्या होत्या अकरा. भरावाच्या खालच्या अंगाला पाणी दोन हात खाली होतं आणि वरच्या अंगाला वस्ती बुडत होती. माझे साहेब म्हणायचे तसा पूल धरण झाला. एकतीस घरं पडली. यल्लव्वाला काहिलीत बसवून बाहेर काढलं. दीड दिवस ती विहाराच्या पत्र्यावर भिजत बसली होती.

बावड्याच्या शाळेतल्या निवारा केंद्रात मी तिला भेटले. छातीत कफ भरला होता, श्वास लागत होता. तिनं मला ओळखलं. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "पोरी, माझ्यातला च्या पिऊन गेलतीस की गं. मग लिवलं न्हाईस व्हय?"

मी म्हटलं, लिहिलं होतं. तिनं मान फिरवली. चौथ्या दिवशी ती गेली.

मग चौकशी बसली. साहेबांनी जबाब दिला, वस्तीतली खूण कनिष्ठ अभियंत्यानं नोंदवलीच नाही. लेव्हल बुक मागवलं, तर साहेब म्हणाले, कार्यालयात पाणी शिरलं, त्यात वाहून गेलं. ठपका माझ्यावर आला आणि माझी बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याला झाली. बदलीचं मला काही वाटलं नाही, नदी तिथेही होती; गेल्या वर्षी बढतीवर परतलेही. पण सुट्टीत माझ्याच समाजाच्या वस्तीत मी गेले की लोक दारं लोटून घेत. चहा पिऊन गेली आणि विकली गेली, असं म्हणत. सहा वर्षं मी ते ऐकलं. आणि सहा वर्षं साहेब, दर दिवाळीला मी तुम्हाला शुभेच्छा पाठवत होते, तुम्ही उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवत होता, आणि तुम्हाला वाटत होतं की मी मनात काही ठेवलेलं नाही.

मी सगळं ठेवलंय. हो, मी आज इथे सूड घ्यायला आले आहे. सत्काराच्या भाषणात हा शब्द शोभत नाही, हे मला समजतं. दुसरा शब्द सापडला नाही.

आकाराम मामा गेल्या महिन्यात सेवेतून निवृत्त झाले. त्यांचा निरोप समारंभ झाला नाही, खलाशाचा कोण करतो? दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "बाई, पूर उतरल्यावर साहेबानं वही माझ्या हातात दिली. म्हटलं, बंबात घाल. मी म्हटलं, व्हय साहेब. पर घातली न्हाई. युरियाच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. नोकरी व्हती, पोरीचं लग्न व्हायचं व्हतं, भ्यालतो. आता कुणाचं भ्याव न्हाई." मामा, तुमच्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पण तुम्ही बंब पेटवला नाहीत, म्हणून तुमच्या पायाही पडते.

मूळ वही काल सकाळी मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयात माझ्या अर्जासोबत जमा झाली आहे, आवक शिक्क्यासह. त्याला कारण आहे. आताच अध्यक्षांनी आनंदानं जाहीर केलं, की नांदरवाडीच्या दुसऱ्या पुलासाठी साहेब सोमवारपासून सल्लागार म्हणून लाभणार आहेत. त्या आराखड्याचं पहिलं पान मी पाहिलं. पूरपातळी: पाचशे त्रेचाळीस मीटर वीस. तीच ओटीची पायरी. एका वस्तीला एकाच माणसानं दोनदा बुडवावं, हे माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही.

आता भेटवस्तू. आदर्शनी मघाशी दिलेली पुलाची चांदीची प्रतिकृती फार सुबक आहे. कारागिरानं खाली भरपूर मोकळी जागा सोडली आहे, साहेबांपेक्षा त्यालाच नदी जास्त कळत असावी. माझ्याकडून ही दुसरी भेट, एक चौकट. हे त्या वहीच्या सत्तेचाळीसाव्या पानाचं छायाचित्र आहे. मोठं करून घेतलंय, मागच्या रांगेलाही दिसेल. इथे माझ्या अक्षरात लिहिलंय, "विहार भिंत, निळी रेघ, ५४४.६०." त्यावर एक लाल रेघ. खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो, शिस्त म्हणजे शिस्त. आणि शेजारी, "वस्तीतील खूण विश्वासार्ह नाही. वगळावी." त्याखाली सही आणि तारीख. वहिनी, सही तुम्ही ओळखता. अध्यक्ष महोदय, तुम्हीही ओळखता, तुमच्या टेबलावर रोज येते.

साहेब, उठू नका. हार पडेल.

यल्लव्वा, तुला इथवर ऐकू येत असेल तर ऐक. लिहिलं होतं गं मी. तुझ्या चुलीसमोर बसून लिहिलं होतं. बघ, दीडशे माणसं वाचतायत.

पाचाची बारा मिनिटं झाली. आयोजकांनी मला बोलण्याची संधी दिली, अध्यक्षांनी मला खाली बसवलं नाही, आणि आपण सर्वांनी एकही खुर्ची न सरकवता ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बाहेर जेवणाची सोय आहे, कोणी न जेवता जाऊ नये.

आणि राहता राहिली क्षमा. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून एखादा शब्द, एखादा आकडा चुकला असेल, तर साहेब, भाषणाची लेखी प्रत चौकटीच्या मागे लावली आहे. जे चूक वाटेल त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी सही करा. लाल पेन मी आणलंय.