काम बंद करा म्हणून

मूर्तिजापूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. नाल्याच्या बांधांची बैठक आटोपून आल्या होत्या.

"सुभद्राबाई, तुमी तर बैठकीत बोलल्याच नाही."

"गावानं मले काम बंद करा म्हणून सांगाले धाडलं होतं, अनवरीबी."

"बंद? कावून?"

"थकले लोकं. दर पुरात बांध फुटते, दर उन्हाळ्यात आमी पुन्हा घालतो. अन् आमची विहीर संक्रांतीलेच आटते. आडवलेलं पाणी जमिनीखालून तुमच्याकडे उतरते."

"या अल्ला! अन् मी तिथं सांगून राहिली होती, आमच्या खालच्या गावात होळीपरेंत पाणी पुरलं म्हणून."

"तुमी एवढ्या खुशीनं सांगून राहिल्या होत्या, माह्यं तोंडच उघडलं नाही."

"आता गावाले काय सांगसान?"

"काय सांगू? बसली आहो तशीच."

सुभद्राबाईंच्या गावाची गाडी लागली, तशी अनवरीबी उठली.

"चला, मीबी येतो तुमच्या गावाले. मीच सांगतो, यंदा बांध घालाले आमी वर येतो."

"या. पण फावडे तुमचे आणा, बाई. आमचे झिजले."