एकोणसत्तरावं चालू

...नाही, तुम्हीच सांगा, माणसाला त्याचं वय विचारलं तर त्यानं काय सांगायचं? वयच ना? मग मी तेच सांगितलं, तर गेला आठवडाभर घरात माझ्याशी असे वागतायत, जसं काही मी हिचं मंगळसूत्र नेऊन विकलंय. यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, मुळात हा बेत माझा नव्हताच. आमचा मुलगा सलिल, तो म्हणाला, "बाबा, यंदा सगळे कोलाडला जाऊ, रात्री तंबूत राहायचं आणि सकाळी राफ्टिंग." मी म्हटलं, घरात छप्पर असताना तंबूत कशाला? तर सूनबाई म्हणतात, "बाबा, फॅमिली बाँडिंग." अहो, एका बाथरूमसाठी रोज सकाळी पाच माणसं रांग लावतो आम्ही, अजून किती बाँडिंग हवंय? पण गेलो. आता सांगूनच टाकतो, मला त्या होडीत बसायचं होतं. फार बसायचं होतं. या सलिलला पाठीला डबा बांधून पोहायला मी शिकवलंय, म्हटलं एकदा त्याच्या शेजारी बसून वल्हं मारावं, बघू दे त्याला म्हातारा काय आहे तो. बोललो नाही कोणाला. असलं काही बोलतात का आपल्यात?

तंबूचं सांगत नाही. बाहेरून चेन, आतून चेन, मधे मी आणि एक डास... जाऊ दे. सकाळी काठावर गेलो तर नदीत पाणीच नाही! नुसते दगड. गाईडला विचारलं तर तो म्हणे, "थांबा काका, वरच्या धरणातून सोडलं की येतं." म्हणजे पुण्यात नळाला पाणी कधी येणार म्हणून बादली घेऊन बसायचं, आणि इथं पैसे भरून नदीला पाणी कधी येणार म्हणून हेल्मेट घालून बसायचं. आणि ते आलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या हो. खडकवासल्याचं पाणी नळाला येतं तेव्हा आम्ही शिट्ट्या मारतो का?

तर आता होडीत बसणार, तेवढ्यात गाईड म्हणाला, "साठीच्या पुढचं कोणी नाही ना? त्यांना बसवत नाही आम्ही." सलिलनं मला गाडीतच पढवलं होतं, "बाबा, विचारलं तर अठ्ठावन्न सांगा." बरं, आधी नंबर आला आमच्या हिचा. हेमा, वय वर्षं पासष्ट, जिना चढताना प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेणारी बाई. ती म्हणाली, "सत्तावन्न." आणि वर लाजली! तो म्हणतो, "वाटत नाही हो काकू." मग माझ्याकडे वळला, "काका, तुमचं?"

आता मला सांगा, ज्या माणसानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पोरांचे अर्धे-अर्धे मार्क कापले, त्याच्या तोंडातून चुकीचा आकडा बाहेर कसा पडणार? मी प्रयत्न केला. अठ्ठा... इथपर्यंत आलोसुद्धा. आणि मग आपोआप निघालं, "अडुसष्ट पूर्ण, एकोणसत्तरावं चालू." एवढ्यावर थांबावं की नाही? तर नाही, मी पुढं म्हटलं, "आणि हिचं म्हणाल तर..." पण तोवर हिनं माझ्याकडे असं बघितलं की बाकीचं वाक्य मी गिळलं. यात माझं काय चुकलं?

"काका, मग तुम्ही काठावर थांबा. जॅकेट द्या." दिलं जॅकेट. नातू म्हणाला, "आजोबा, माझा चष्मा धरा." मग सूनबाईंचा फोन, सलिलच्या गाडीची किल्ली, हिच्या बांगड्या. "उन्हात बसू नका हं," म्हणाली, आणि चढली की टुणकन होडीत! तेव्हा कुठं गेले गुडघे? मी वाट बघत होतो, कोणीतरी म्हणेल, चला, मीही थांबतो तुमच्याबरोबर. अहो, नुसतं म्हणायला काय जातंय? मी नकोच म्हटलं असतं. पण कोणी म्हणालं नाही. होडी वळणाआड गेली, आणि मग पलीकडून हिचं हसणं ऐकू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं हसताना मी हिला कधी ऐकलं नव्हतं. आणि मी इकडे तिच्या बांगड्या धरून उभा.

परत येताना अख्खा ताम्हिणी घाट त्यांचं तेच चाललं होतं, ती लाट कशी आली, आई कशी ओरडली. मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी सलिल म्हणाला, "बाबा, एक आकडा बोलायचा होता हो फक्त. तुमच्यासाठीच तर ठरवलं होतं हे सगळं." आता हे आधी सांगायला काय झालं होतं? पण म्हटलं ना, आपल्यात बोलत नाहीत.

घरी आलो तर जिन्यातच समोरचे दीनानाथ. "काय सर, झालं का राफ्टिंग? बसलात होडीत?"

मी म्हटलं, "हो, बसलो ना. पाणी फार गार होतं हो."

हेमा शेजारीच उभी होती. मी मान खाली घातली, म्हटलं, आता ही सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगणार. तर ही शांतपणे म्हणते, "यांना तर सगळ्यांच्या पुढं बसवलं होतं."

गेलो आत, बॅगेतून माझा कोरडा टॉवेल काढला, नळाखाली धरला, पिळला, आणि दीनानाथांना दिसेल असा गॅलरीत वाळत घातला.