दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना

अरे, दादाच्या दहाव्याला शहाडच्या नदीवर तासभर कावळा पिंडाला शिवेना. काका म्हणाले, "बोल बाबा, त्याची काहीतरी इच्छा राहिली असेल."

मी हात जोडले. "दादा, आईला मी सांभाळीन." कावळा हलेना.

मग मला आमची फुटबॉलची टीम आठवली. कायम हरणारी, तरी दादा एक मॅच सोडायचा नाही. म्हटलं, "दादा, यंदा आपण कप जिंकणार!"

कावळा उडून लांब जाऊन बसला. मागून दादाचा मित्र बोलला, "येड्या, मेलेल्या माणसाला तरी फसवू नको."

मला रडूच फुटलं. "बरं दादा, हरू दे. तुझ्या जागी प्रत्येक मॅचला मी जाईन, शेवटपर्यंत बसेन."

कावळा लगेच आला.

दादा सुटला रे. परवा टीमने पाच गोल खाल्ले, आणि मला अर्ध्यातून उठतापण येईना.