चित्रं जिथल्या तिथं

नको नको पोरी, ही नवी सिस्टीम नकोच — दुरुस्तीला आणलाय त्या कम्प्युटरात जुनीच घाल परत. जुनीला आता कोणी वाली नाही म्हणतेस, व्हायरस शिरेल म्हणतेस — शिरू दे की, आमच्या पडद्यांच्या दुकानात काय सोनं पुरून ठेवलंय? ऑर्डरी लिहिणं अन् शिवणकाम सूनबाईचं, दुपारी गल्ल्यावर मी. तीच म्हणाली, "मामंजी, कम्प्युटर तुम्ही वापरता, तुम्हीच पसंत करा." एवढा मान कोण देतं म्हाताऱ्याला? काय? दोन्हींतला फरक वाचून बघू? चष्मा घरी राहिला गं. — हो, हा नाकावर आहे तो… हा लांबचं बघायचा. हसतेस? हस बाई. आता तुझ्यापासून काय लपवायचं — मी अंगठेबहाद्दर. घरात कुणाला ठाऊक नाही. चित्रं मात्र पाठ होती — वरचं पिवळं म्हणजे नवी ऑर्डर, त्याच्याखालचं हिरवं म्हणजे माल गेला, कोपऱ्यातली टोपली म्हणजे कचरा. अंधारात आपल्या घरातली भिंत हाताला कळते ना, तसं. आणि परवा ही मेली सिस्टीम आपली आपण बदलली — चित्रं इकडची तिकडे, रंगसुद्धा पालटले — अन् मी हॉटेलवाल्याची अख्खी ऑर्डर कचऱ्यात घातली. तो आला तणतणत. मग मी काय केलं? त्याच्यादेखत म्हणालो, "सूनबाई, शिकलीसवरलेली तू, एक ऑर्डर धड लिहिता येईना?" — आणि ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्याच हातून राहिलं असेल, मामंजी." तेव्हापासून एकेक ऑर्डर दोन-दोनदा तपासते गं ती.

ही नवी बोलून दाखवणारी आहे? म्हणजे बाण नेला की तिथलं नाव ही मोठ्यानं सांगते? लाव बघू — अगं हळू, हळू! तुझं सगळं दुकान वळून बघतंय! छे छे, ही आमच्या दुकानात नेली तर पहिल्याच दुपारी सूनबाईला कळेल मला वाचता येत नाही ते — आणि मग त्या ऑर्डरीचंही उमगेल. हुशार आहे ती. माझ्यासारखी नाही.

…

राहू दे. नवीच राहू दे, बोलणारी. आवाज? नाही, कमी नको करूस. मला येतं गं ऐकू — तिला पार आत शिलाई मशीनपाशी ऐकू गेलं पाहिजे. चल, बांध आता तो कम्प्युटर, अन् माझ्या तोंडाकडे बघत नको बसूस — मागं गिऱ्हाईक खोळंबलंय तुझं.